निवेसची टकटक

४ सप्टेंबर, बुधवार

नाही म्हणाले. पण नाही म्हणायला फोनवरच्या बाईंना सतरा मिनिटं लागली, म्हणजे दार अगदीच बंद नाही.

क्रमाने लिहितो. बोटीवरच्या बालघरात तीन वर्षांपुढची मुलं ठेवून घेतात. आमची निवेस चार वर्षं दोन महिन्यांची, वयात बसते. पण मूल डायपरमध्ये नको, त्याला आपलं नाव सांगता यायला हवं आणि मोठ्यांनी सांगितलेलं कळायला हवं. पहिल्या दोन्हींत आम्ही नापास. तिसऱ्यात — सांगणारं कोण त्यावर आहे.

"मग तीनच्या आतल्या गटात घ्या," मी म्हटलं. तिथे आई नाहीतर वडील सोबत बसावे लागतात. आम्हीच सोबत बसायचं तर बालघर कशाला?

बाई वाईट नव्हत्या. नेमकं काय झालंय, विचारलं. डॉक्टरांच्या कागदावर आहे तसंच वाचून दाखवलं: सर्वांगीण विकासात विलंब, कारण अज्ञात.

केबिन सासऱ्यांनी घेऊन दिलीय. गावच्या नाचघरातली मंडळी दर ऑक्टोबरात रावेन्नाच्या बंदरातून सात दिवसांच्या बोटीवर जातात आणि वॉल्ट्झ, माझुर्का, पोल्का करून पाय सुजवून घरी येतात. लग्नाआधी माझी बायको इलेनिया तिच्या बाबांची जोडीदार होती. या बाप-लेकीला बघायला फोर्लीहून माणसं यायची. निवेस झाल्यापासून इलेनिया एकदाही नाचलेली नाही. चार वर्षं! मला नाचता येत नाही. मला तिला नाचताना बघायचंय. आठ ते दहा, दोन तास, कुणीतरी निवेसला सांभाळावं. एवढंच.

९ सप्टेंबर, सोमवार

पाचवा फोन. आता म्हणतात, बालघराच्या मुख्य बाईंना पत्र लिहा.

लिहिलं. तीनदा. शब्दकोश मांडीवर घेऊन. पंधराव्या वर्षी शाळा सुटली तेव्हा भाषेच्या बाई आईला माझ्यादेखत म्हणाल्या होत्या, "याला पेट्या उचलायला लावा." नऊ वर्षं उचलतोय, पीचच्या. पण त्या दिवसानंतर माझ्या लिहिण्यात कुणाला एक चूक सापडलेली नाही.

इलेनियाने पत्र वाचलं आणि परत दिलं. "यात तिला काय येत नाही तेवढंच आहे, देविस. वकिलाने लिहिल्यासारखं. ही आपली पोरगी आहे की नुकसानभरपाईचा दावा?"

चौथ्यांदा लिहिलं. येतं ते आधी. जिना चढते. संगीत लागलं की हलायची थांबते आणि ऐकते. पावाचा तुकडा कुत्र्याला देते, आणि मोठा तुकडा देते.

१४ सप्टेंबर, शनिवार

उत्तर आलं! अटींवर घेतात. पहिल्या संध्याकाळी तीस मिनिटं, मग बघू. डायपर आम्हीच येऊन बदलायचा. हातात एक बझर देणार, तो वाजला की यायचं. आणि मुलीची "संपूर्ण माहिती" लेखी हवी. संपूर्ण या शब्दाखाली त्यांनीच रेघ मारली आहे.

संपूर्ण म्हणजे संपूर्ण. नवी वही आणली.

२२ सप्टेंबर, रविवार

अकरा पानं झाली. कुठल्या कानाला हात लावलेला चालत नाही (डावा). पाणी कोमट, पेला निळा. रडण्याचे चार प्रकार आणि प्रत्येकाला काय करायचं. बुटाचे बंद आधी उजवे. झोप आली की भुवया लाल होतात.

पहिल्या पानावर माझा फोटो चिकटवला, दुसऱ्यावर इलेनियाचा, तिसऱ्यावर सासऱ्यांचा.

"पहिला नंबर स्वतःचा!" इलेनिया म्हणाली. गंमतच केली. खरं कारण तिलाही माहीत आहे. आई दिसली की निवेस बिलगते, आजोबा दिसले की खिदळते. मी दिसलो की काही नाही. डायपर, दात, बूट, आंघोळ हे सगळं माझ्याकडे, आणि ती माझ्याकडे खुर्चीकडे बघावं तशी बघते. मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंनी माझा फोटो समोर धरून विचारलं, बाबा कुठे? ती दिव्याकडे बघत बसली.

तक्रार नाही. खुर्ची लागतेच घरात. पण बोटीवर अनोळखी जागी निदान खुर्ची तरी ओळखीची दिसावी, म्हणून पहिलं पान.

६ ऑक्टोबर, रविवार

दुपारी बारमध्ये. लेआर्को सासरे नेहमीच्या टेबलावर पत्ते, आमचं बेकाचिनो, खेळत होते, मांडीवर निवेस. ती वर्षाची असल्यापासून तिची जागा तीच. सासऱ्यांनी मूठ आपटली, निवेसनेही आपटली, आणि समोरच्या भिडूने निमूटपणे हुकमाची तिर्री टाकली. आमच्या रोमान्यातल्या या खेळात तिर्री एक्क्यालाही खाते. निवेसने ती उचलून चाटली. मोठं पान चाटायचा तिला हक्क आहे, असं इथे ठरून गेलंय.

मी वही दाखवली. सासऱ्यांनी चष्मा वर करून पानं मोजली.

"अकरा? जावईबापू, मी ट्रॅक्टर घेतला तेव्हा सोबत चार पानं होती."

"ट्रॅक्टरला डावा कान नसतो," मी म्हटलं. अख्खं टेबल हसलं. मी सहसा बोलत नाही.

घरी येऊन निवेसने सूप प्यायलं, चमचा भिरकावला, जेवण झालं. मी चमचा धुऊन बॅगेत टाकला. बॅगेची यादी दोनदा तपासली.

१२ ऑक्टोबर, शनिवार. बोटीवर

बालघराच्या मुख्य बाई ब्रांका, समुद्रापलीकडच्या कोतोरच्या. उंच. आमची भाषा पुस्तकासारखी बोलतात. वही त्यांनी उभ्यानेच, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मागे रांग होती तरी.

"किती शिकलात?"

पंधरा वर्षांपर्यंत, म्हणालो.

"माझ्याकडे डॉक्टरांनी लिहिलेले कागद येतात," त्या म्हणाल्या. "असे नसतात."

हे लिहून ठेवतोय, कारण उद्यापर्यंत मलाच खोटं वाटेल.

१३ ऑक्टोबर, रविवार

बारा मिनिटं.

इलेनियाने नाचाचे बूट घातले होते. चार वर्षं कपाटात होते, मी पॉलिश केलेले. वाद्यं जुळवत होते आणि माझ्या मुठीत बझर थरथरला.

ब्रांका दारातच उभ्या होत्या. निवेसने आधी खेळण्यातली लाकडी कडी फेकली, मग बाहुली, मग खेळातला कप. कप एका मुलाच्या कपाळाला लागला. टेंगूळ नाही, पण लागला. "ती चिडली असती तर मला समजलं असतं," ब्रांका म्हणाल्या. "रडत नाही, ओरडत नाही. शांतपणे फेकते. माझ्याकडे चौदा मुलं आहेत. मला हे चालवता येणार नाही."

इलेनियाने बोळातच बूट काढले. एका हातात बूट, कडेवर निवेस, मोज्यांवर केबिनपर्यंत चालत गेली. मी मागून. मला माझी अकरा पानं खिडकीतून समुद्रात टाकावीशी वाटली.

मग सासरे आले. का नाही आलात नाचायला म्हणून. मी सांगितलं.

"फेकलं?" ते म्हणाले. "मग झालं असेल तिचं. उडवलं."

मी पलंगावर बसलोच.

काखेत कळसा! अकरा पानं लिहिली, भुवयांचा रंग लिहिला, आणि हे लिहिलं नाही. सुचलंच नाही. आमच्या गावात हे कुणाला कधी सांगावं लागलंच नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी बालघर उघडायच्या आधी दारात हजर. मी, सासरे, निवेस आणि पत्त्यांचा जोड. मी रात्री वाक्यं तयार केली होती. सासऱ्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"बसा, बाई. पत्ते खेळता?"

ब्रांकांनी घड्याळाकडे बघितलं, मग निवेसकडे, आणि छोट्या मुलांच्या खुर्चीत बसल्या. गुडघे हनुवटीला.

सासऱ्यांनी समजावलं. खेळात भिडूशी बोलायला बंदी. तोंड उघडलं की डाव गेला. चालतात त्या फक्त तीन खुणा, त्याही ज्याची उतारी असेल त्याने करायच्या. टेबलावर मूठ वाजवली: तुझ्याकडचं सगळ्यात मोठं पान टाक. पान टेबलावर घासत सरकवलं: असलं अजून आहे माझ्याकडे. पान हवेतून उडवलं: संपलं, यातलं आता एकही नाही.

"ही पोर तीन वर्षं माझ्या मांडीवर बसून हे बघतेय. बोलायला बंदी असलेला खेळ, बाई! तिला तर पहिल्याच दिवशी जमला. घरी टकटक केली की हवंय, सरकवलं की अजून, उडवलं की पुरे. काल तुम्ही बाहुली दिलीत. ती खेळली, झालं, उडवली. ती मारामारी करत नव्हती. नियमाने खेळत होती. तुम्हीच डाव मोडलात."

हे शेवटचं बोलायला नको होतं. मी माफी मागणार, तेवढ्यात ब्रांकांनी एक लाकडी कडी निवेससमोर ठेवली.

निवेसने ती फिरवली, चाटली, आणि टेबलावर घासत त्यांच्याकडे सरकवली.

ब्रांकांनी दुसरी दिली. निवेसने सरकवली. तिसरी. सरकवली. सातवी मात्र हवेतून उडवली, सासऱ्यांच्या चष्म्याजवळून.

ब्रांका उठल्या. कोपऱ्यातली गादी ओढून आणली आणि निवेसच्या उजव्या हाताला टाकली. "उडवायचं ते इथे," म्हणाल्या. बाहुली दिली. झाल्यावर निवेसने बाहुली उडवली. गादीवर!

"उद्या तीस मिनिटं," ब्रांका म्हणाल्या. "पहिल्यापासून."

बारावं पान तिथेच बसून लिहिलं. शब्दकोश केबिनमध्ये होता. चुकलो नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

तीस मिनिटं पूर्ण. बझर गप्प. मी दोनदा काउंटरवर जाऊन तो चालू आहे ना ते विचारून आलो. दुसऱ्यांदा तिथल्या माणसाने हसून माझा बझर वाजवून दाखवला आणि मी जिन्याकडे धावलोच.

१६ ऑक्टोबर, बुधवार

एक तास. इलेनिया नाचली.

कसं लिहू? आधी ती दाराकडे बघत नाचत होती. मग माझ्याकडे बघत. मी मूठ वर करून बझर दाखवायचो, गप्प आहे. मग माझुर्का लागली आणि ती कुणाकडेच बघेना. सासरे अडुसष्ट वर्षांचे, पोट पुढे, पण पाय असे की जमिनीला विचारून टाकतात. हळूहळू बाकीच्या जोड्या बाजूला झाल्या. मागे एक बाई नवऱ्याला म्हणाली, ही कोण रे? मला वळून सांगायचं होतं. नाही सांगितलं. इलेनियाच्या मानेवर घाम आला होता, केस चिकटले होते. चार वर्षांपूर्वी अशीच दिसायची.

बसायला आली तेव्हा धापा टाकत माझ्या हातातला बझर घेऊन कानाला लावला. मग म्हणाली, "खरंच गप्प आहे."

१७ ऑक्टोबर, गुरुवार

जेवणघरात एक मिलानच्या बाई ब्रांकांकडे तक्रार घेऊन आल्या. मुलगा परवापासून जेवताना टेबलावर मुठी आपटतो आणि झालं की रुमाल उडवतो, हे कुठलं वळण? ब्रांका म्हणाल्या, "रोमान्याचं." पलीकडच्या टेबलावर आणखी दोन मुलं टकटक करत होती. आइस्क्रीमसाठी.

आमच्या मुलीकडून मुलं काहीतरी शिकली. असं वाक्य या रोजनिशीत कधी येईल असं वाटलं नव्हतं. पुन्हा वाचलं. बरोबर आहे.

ब्रांकांनी बारावं पान उतरवून घेऊ का विचारलं. यापुढे न बोलणारं कुणी आलं तर, म्हणाल्या, आधी घरातल्यांना विचारीन, तुमच्याकडे कुठला खेळ खेळतात.

उद्या शेवटची संध्याकाळ. पूर्ण दोन तास.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आठ वाजून एकेचाळीस मिनिटांनी बझर वाजला. इलेनिया वॉल्ट्झमध्ये होती. तिला खूण केली नाही. तीन मजले जिन्याने.

रडणं नाही. भुवया लाल नाहीत. डायपर कोरडा. "पाच मिनिटं झाली," ब्रांका म्हणाल्या. "पाणी दिलं, उडवलं. कड्या उडवल्या. मग शेल्फवरची वही ओढून काढली."

वही पहिल्या पानावर उघडी होती. निवेस माझ्या फोटोवर मूठ वाजवत होती.

मी समोर जमिनीवर बसलो. तिने मला बघितलं. वही बाजूला सारली आणि माझ्या छातीवर मूठ ठेवली.

टकटक.