ओळख पटल्याची नोंद

दिनांक ११, मंगळवार

चि. भिंगरी हिस,

अनेक आशीर्वाद. उत्तराला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुझं पत्र आणि त्यासोबतचा छापील मसुदा येऊन आज एकवीस दिवस झाले. "बाबा, वाचून कसं वाटलं ते नक्की लिहा, तुमचं मत मला सगळ्यात मोलाचं" असं तू लिहिलं होतंस. मसुदा तिसऱ्याच दिवशी वाचून झाला होता. त्यानंतर पाच वेळा कागद पुढे घेतला आणि पाच वेळा घडी करून ठेवला. तुझी आई म्हणाली, "पत्र लिहिताय की मृत्युपत्र?"

आम्ही दोघं ठीक आहोत. माझा डावा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना नाही, त्यामुळे मी वरच बसून असतो. आईच्या कानातलं यंत्र मधूनच शिट्टी मारतं. ती तिला ऐकू येत नाही, मला येते. तुम्ही नवव्या मजल्यावर राहता, खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या का? मागच्या पत्रात विचारलं होतं, त्यावर तू काहीच लिहिलं नाहीस. जावईबापूंना म्हणावं, कुलूप लावल्यावर एकदा ओढून बघत जा. मी दोनदा ओढतो. हसू नकोस, उभा जन्म बालगृहाच्या फाटकावर गेला माझा.

हे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवतो आहे. कचेरीत नेऊ नकोस आणि कुणासमोर उघडू नकोस.

मसुदा मला शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवला. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, ते तुला ठाऊकच आहे. तुमचे सरकारी शब्द मला पचत नाहीत. मास्तरांनी चष्मा पुसून आधी तुझं पद वाचलं, "सामाजिक धोरण व बालसंरक्षण, ज्येष्ठ सल्लागार." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काय हो, दरवानाची पोरगी मंत्र्याला सल्ला देते!"

मी म्हटलं, "देते खरी. तो ऐकतो का?"

"ऐकत नसेल कदाचित, पण सही करतो. ऐकण्यापेक्षा सही मोठी."

आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी प्रस्तावना वाचली, आणि नंतर नववं कलम. ते मी त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळी ते वैतागले. "अहो, पाठ करायचंय का?" म्हणाले. आता ते मला पाठ आहे. "नातेवाईक मुलाचा ताबा मागण्यास आल्यास व मुलाने त्यास ओळखल्याची नोंद झाल्यास, सात दिवसांच्या आत ताबा देण्यात यावा."

वीस तारखेच्या बैठकीत हे कायम होणार, असं तू लिहिलं आहेस. म्हणजे नऊ दिवस राहिले.

भिंगरी, घर असलेली मुलं कागदांपायी संस्थेत अडकतात, हे तू लिहिलंस ते खोटं नाही. तुझ्याएवढंच मीही पाहिलं आहे. एका पोराची आजी दर महिन्याला यायची आणि एका शिक्क्यापायी रिकाम्या हाताने परत जायची. दोन वर्षं हे चाललं. पोरगं मोठं होत गेलं, म्हातारी वाकत गेली. ज्याला घर आहे त्या मुलाने घरीच असावं, यावर माझी ना नाही. पण ते कलम असंच ठेवू नकोस. का, ते सांगतो. आज इथेच थांबतो, उद्या लिहितो.

बुधवार

काल थांबलो ते बरं झालं असं सकाळी वाटलं, आता वाटत नाही. उगाच एक दिवस गेला.

प्रस्तावनेत तू बोटधरीची गोष्ट घातली आहेस. भाषणांतही सांगतेस म्हणे. बालगृहाच्या फाटकाशी तुझ्याबरोबर खेळणारी, तुझा जुना निळा स्वेटर घालणारी, कुणाचंही बोट धरून चालणारी पोर. तिचा मामा येऊन तिला घरी घेऊन गेला, त्याच्या अंगणात झोपाळा होता, आणि "संस्थेतून घराकडे जाणारं पहिलं मूल मी तेव्हा पाहिलं," असं तू लिहिलं आहेस. मास्तर हे वाचत होते आणि मी खाली फरशीकडे बघत होतो.

झोपाळा मी केलेला आहे, बाळ. लाकडाचा नाही, तोंडाचा. तू सात वर्षांची होतीस. चार दिवस तिच्यासाठी फाटकाशी बसून राहिलीस, जेवेनास. म्हणून सांगितलं, की ती मामाकडे गेली, तिथे झोपाळा आहे, आता ती कशाला येतेय. तू विचारलंस, "झोपाळा केवढा?" मी हात पसरून दाखवला. तू जेवलीस. मला वाटलं, लहान पोर आहे, विसरेल. छत्तीस वर्षांनी तो झोपाळा मंत्र्याच्या टेबलावर जाईल असं कुणाला वाटलं होतं!

आता खरं काय झालं ते लिहितो.

फाटकाशी एक वही असायची, तुला आठवत असेल. मूल बाहेर जाताना त्यात तारीख, मुलाचं नाव, नेणाऱ्याचं नाव, नातं आणि शेवटच्या रकान्यात "मुलाने ओळखले / नाही." बाकीचे रकाने कचेरीतून भरून यायचे. शेवटचा तेवढा माझा. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या अधीक्षक, मला म्हणायच्या, "कागद मी बघते, पोराचा चेहरा तुम्ही बघा."

तो माणूस दुपारी आला. इस्त्रीचे कपडे, बोलणं मऊ. त्याच्याकडे आमच्या कचेरीचंच पत्र होतं, खरं, शिक्क्याचं. मुलीच्या मामाच्या नावे आम्हीच पाठवलेलं. मी बोटधरीला बोलावलं. ती आली आणि नेहमीसारखं माझं बोट धरून उभी राहिली. मी विचारलं, "हे कोण गं?"

ती म्हणाली, "मामा."

आतून मोठ्या बाईंनी विचारलं, "ओळखलं का हो?"

"हो बाई."

मी वहीत लिहिलं, "ओळखले." त्याने तिला रिक्षात बसवलं आणि गेला.

पंधराव्या दिवशी एक सुकलेला माणूस फाटकाशी आला. शर्टाचं एक बटण चुकून वरच्या काजात. पिशवीत लहान मुलीच्या चपला होत्या. मापासाठी त्याने दोरा जपून ठेवला होता, तोही पिशवीत होता. "भाचीला न्यायला आलोय. पत्र येणार होतं, आलं नाही, म्हणून स्वतःच आलो," म्हणाला.

मी म्हटलं, "तिला तर तिचा मामा घेऊन गेला."

त्याने विचारलं, "मग मी कोण?"

 

पुढचं थोडक्यात लिहितो, कारण पुढे काहीच झालं नाही. पत्र वाटेत कुणाच्या तरी हाती पडलं असावं. पोलीस आले, शोध घेतला, फोटो लावले. ती सापडली नाही. तो माणूस आठ महिने दर सोमवारी येत राहिला, चपलांची पिशवी घेऊन. नंतर यायचा थांबला. स्वयंपाकीण मला म्हणाली, "तुम्हाला चांगलंच मामा बनवून गेला हो." जीभ तिखट होती तिची, पण तिचं काही चुकलं नव्हतं.

चौकशीत मला एकच प्रश्न विचारला. "मुलीने ओळखलं होतं?" मी म्हटलं, "हो, वहीत आहे." वही बघितली आणि फाईल मिटली. कागद बरोबर, नोंद बरोबर, दोष कुणाचाच नाही. माझी नोकरी राहिली. त्याच नोकरीवर तू शिकलीस.

इथपर्यंतचं मी एकदा मोठ्या बाईंनाही सांगितलं होतं. यापुढचं कुणालाच सांगितलेलं नाही. गुरुवारी लिहितो असं म्हणणार होतो, पण नको. आत्ताच लिहितो.

ती पोर दूधवाल्याला मामा म्हणायची. विजेची तार दुरुस्त करायला आला तो मामा, पोलीस मामा, डॉक्टर मामा. आपल्याकडे पोरं कुणाला मामा म्हणत नाहीत? आणि सगळ्यांच्या आधी, अगदी पहिल्या दिवसापासून, ती मला मामा म्हणायची.

मी "हे कोण गं?" विचारलं तेव्हा तिने त्या माणसाकडे पाहिलंच नाही. मान वर करून माझ्याकडे पाहिलं, बोट घट्ट धरलं, आणि म्हणाली, "मामा." ती मला हाक मारत होती, बाळ. ओळखत नव्हती, बोलावत होती.

हे मला तेव्हाच कळलं. नंतर नाही. तिथेच, लेखणी हातात असताना. पण त्या दिवशी तुझी शाळा लवकर सुटणार होती, तू रस्त्याच्या कडेला एकटी उभी असशील असं डोक्यात होतं. कागदावर शिक्का होता, माणूस भला दिसत होता, आणि आत नेऊन पुन्हा विचारायचं म्हणजे अर्धा तास. हे कारण म्हणून सांगत नाही आणि तुझ्यावर ढकलत तर मुळीच नाही. जे डोक्यात होतं ते लिहिलं. मी माझं बोट सोडवून घेतलं आणि त्याच हाताने "ओळखले" लिहिलं.

तू भाषणात म्हणतेस, "माझ्या वडिलांनी तीस वर्षं मुलांचं फाटक राखलं." मास्तरांनी ते वर्तमानपत्रात वाचून माझी पाठ थोपटली. मी दोन दिवस त्यांच्याकडे गेलो नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं.

आता नवव्या कलमाचं. ते काढून टाक असं म्हणत नाही. मला कायद्यातलं कळत नाही, फाटकातलं थोडं कळतं. मुलाला "हा कोण?" विचारू नये, आणि माणूस समोर उभा असताना तर नाहीच. बाजूला न्यावं, खायला द्यावं आणि विचारावं, "मामी कशी आहे? घरात कोण कोण असतं? तू कुठे झोपायचीस?" मामा कुणीही होतं गं, मामी मात्र पाहिलेली असावी लागते. आणि कुणीतरी आधी त्या घरी जाऊन यावं. सात दिवसांत हे होत नसेल तर दहा घ्या. म्हाताऱ्या आजीला दोन वर्षं फिरवू नका, पण दहा दिवसांनी ती मरणार नाही. आणि ती नोंद एकट्या माणसाच्या हाती ठेवू नका. मी वाईट माणूस नव्हतो, भिंगरी. मला घाई होती. तुझ्या कलमाने गावोगावी फाटकावर माझ्यासारखीच घाईची माणसं बसणार आहेत.

बैठकीत कुणी विचारलं, की हे ऐन वेळी कुठून काढलं, तर माझं नाव सांग. वही त्या कपाटात अजून असेल, अक्षर माझं आहे. हवं तर मी येतो, उभा राहून सांगतो. तुझे विरोधक म्हणतील, सल्लागारबाईंच्या बापानेच पोर घालवली. म्हणू देत. माझं वय झालं आहे, मला पुरेल. तुझं काय होईल याचीच धास्ती वाटते, आणि एकवीस दिवस मी त्या धास्तीमागे लपून बसलो. तेवढ्यात वीस तारीख जवळ आली.

आई आता विचारते आहे, एवढं काय लिहिताय. तिलाही ठाऊक नाही. संध्याकाळी सांगणार आहे. यंत्राची शिट्टी बंद करून, सावकाश.

फोन करू नकोस. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी म्हणेन, काही नाही गं, म्हाताऱ्याच्या डोक्यातलं खूळ, सोडून दे. मला मी ठाऊक आहे. लिहून पाठव, म्हणजे मला शब्द फिरवता येणार नाही. यापुढे माझ्याशी बोलायचं की नाही, घरी यायचं की नाही, ते सवडीने ठरव, त्याची घाई नाही. पण नवव्या कलमाचं काय केलंस ते वीस तारखेच्या आत कळव. एक ओळ पुरे. टपाल दुपारी येतं, मी खाली जाऊन उभा राहीन.

तुझा अपराधी बाप