लिहिणारीने बोलायचं नाही

शनिवार, १४ जून २०२५. हॅम्बर्ग

येऊन दोन आठवडे झाले. गेल्या वर्षीसारखीच फोनशी बोलतेय, तो लिहितोय. तारीखही तोच टाकतो. मला वाचता येत नाही, म्हणजे ही वही माझ्यापासूनसुद्धा लपलेली — याहून खाजगी काय असणार.

आज केयाची मॅच. नात माझी, चौदा वर्षांची, मुलांच्या बरोबरीने बेसबॉल खेळते. मी टेबलाशी, हॉर्स्टच्या शेजारी. हा क्लबची धावांची वही लिहिणारा, माझ्याच वयाचा, कान माझ्यापेक्षा वाईट. सहा उन्हाळे झाले, त्याच्या जोडीने मीही वही भरते. आकडे येतात मला, अक्षरं नाहीत. पण बेसबॉलच्या वहीला आकडे आणि रेघाच जास्त. प्रत्येक खेळाडूला एक घर, त्यात टोकावर उभा केलेला चौकोन. पळाला तेवढ्या बाजू काढायच्या, चारही फिरून परत आला की आत काळं करायचं. रांगोळी घालणारीला हे शिकवावं लागतं का? दोनचार खुणा आहेत, त्या पाठ केल्या. हॉर्स्ट बघतो आणि म्हणतो, गेनाऊ, म्हणजे बरोब्बर. तो पावसालाही गेनाऊ म्हणतो.

संध्याकाळी सिनेमा. मॅचच्या शनिवारी बेसबॉलचाच सिनेमा, हा आमच्या घरचा उन्हाळ्याचा नेम. पडदे ओढायचे, आवाज बंद करायचा आणि संवाद मी म्हणायचे. आज म्हातारा कोच एका पोरावर ओरडत होता. मी म्हटलं, "अरे मेल्या, डबा खाल्लास का, तसाच पळतोयस?" केया हसली. प्रद्युम्नही हसला. सोफ्याच्या एका टोकाला माझा मुलगा, दुसऱ्या टोकाला सून मालविका. मध्ये केया, मी आणि चिवड्याचा डबा.

सोमवार, १६ जून

खाली घंटीपाशी नावाची पट्टी आहे. गेल्या वर्षी अक्षरं पट्टीभर होती. आता निम्मीच.

शुक्रवार, २७ जून

प्रद्युम्नने चमच्यासाठी तीन खण उघडले. चमचे आता खिडकीजवळच्या खणात असतात. मला पहिल्या दिवशी कळलं, त्याला महिन्याने नाही.

मालविका म्हणाली, "डावीकडे, प्लीज."

तो म्हणाला, "थँक्यू."

सोळा वर्षं झाली लग्नाला. पूर्वी म्हणायची, "अरे गाढवा, डोळ्यासमोर तर आहे." तेव्हा मला राग यायचा, माझ्या मुलाला गाढव म्हणते म्हणून. आता त्या गाढवाची आठवण येतेय.

मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाली असती, "अहो आई, स्वयंपाकघर नव्याने लावलंय ना."

शनिवार, ५ जुलै

आज समोरच्या टीमचा चुकीचा खेळाडू बॅट घेऊन उभा राहिला. माझ्या वहीत पाळी होती सात नंबरची, आला चौदा. मी उठून हाक मारणार, तोच हॉर्स्टने मनगट धरलं. तोंडावर बोट. चौदा नंबर खेळला, पळाला, कुणाच्या लक्षात आलं नाही.

मॅचनंतर केयाने समजावलं. मराठी तिला कळतं, बोलायला तुटकंच येतं, म्हणून थोडं मराठी, थोडं जर्मन, बाकी हातवारे. वही लिहिणाऱ्याला चूक दिसली तरी सांगायची नाही. लिहायचं आणि गप्प बसायचं. कुणी येऊन विचारलं, तरच वही उघडून खरं सांगायचं. आणि कुणी विचारलंच नाही, पुढच्याला चेंडू टाकला, की संपलं. मग चुकीचं तेच बरोबर.

असला नियम करणारा नक्की एकत्र कुटुंबात वाढला असणार.

रविवार, ६ जुलै

माझी नोंद — पट्टी निम्मी. चमचे हलले. प्रद्युम्नच्या पायात पाहुण्यांच्या सपाता. तो 'ऑफिसच्या कॉलसाठी' छोट्या खोलीत झोपतो. रात्रभर कसला कॉल? भारतात तेव्हा कुणी जागं असतं का?

कुणी विचारलेलं नाही. मी गप्प.

शनिवार, १९ जुलै

केया मॅचला आलीच नाही. पोटात दुखतंय म्हणाली. मी हॉर्स्टबरोबर बसून परक्या पोरांचे चौकोन काळे केले.

घरी आले तर स्वयंपाकघरात ती आईबापावर ओरडत होती. सगळं जर्मन. एवढंच कळलं — 'ब्राउनश्वाइग', प्रद्युम्नच्या फोनवर सारखं ऐकू येणारं ते गाव, 'ओमा' म्हणजे आजी, आणि 'थेआटर' म्हणजे नाटक, तीनदा. मला बघून मालविका म्हणाली, "चहा टाकू का, आई?" काय ती घाई चहाची!

म्हणजे प्रद्युम्नचं बिऱ्हाड ब्राउनश्वाइगला आहे. मी आले म्हणून तीन महिने इथे राहायला आलाय. माझ्यासाठी नाटक चाललंय, आणि तिकीट पोरीकडून घेतायत.

रविवार, २७ जुलै

आज कडूच बोलणार आहे. माझा रागही खरा आहे आणि लोभही खरा आहे.

मला कळलंय हे त्यांना कळलं, तर नाटक संपेल. प्रद्युम्न दुसऱ्या दिवशी बॅग भरेल. व्हिसासाठी बोलावण्याचं पत्र मालविका देते, तिच्या सहीने. नवऱ्याच्या आईला बोलावते ती. नवराच नसला तर मला कशाला बोलावेल? प्रद्युम्न बोलावेल, एका खोलीत. तिथे केया नसेल. मैदान नसेल, हॉर्स्ट नसेल. आवाज बंद केलेल्या सिनेमात मी कुणासाठी बोलू?

वाईट नाहीत दोघं. भांडली असतील, मिटलं नसेल. पण मला अडाणी समजून फसवतायत, याचा राग येतो. अक्षर येत नाही म्हणून घरही वाचता येत नाही, असं वाटलं का त्यांना?

आणि तरी शनिवार आला की मी चिवडा काढते.

रविवार, ३ ऑगस्ट

काल केया खेळली, पण मान वर केली नाही. सिनेमात मी काय काय बोलले. कुणी हसलं नाही. मीच हसले.

पोर वाळत चाललीय. तिला एक माणूस हवंय, ज्याच्यापुढे खोटं वागावं लागणार नाही. मला दिसतंय.

ठरवलं. मी होऊन बोलणार नाही. पण तिने विचारलं, तर वही उघडणार. नियम तो नियम.

शनिवार, ९ ऑगस्ट

आजचा धरून तीन शनिवार उरलेत.

सिनेमा लावायच्या आधी केया माझ्या खोलीत आली. दार लोटलं. मराठीत बोलली — अख्खं वाक्य, घोकून आणलेलं. "आजी, आई आणि बाबा आता एकत्र राहत नाहीत. तुला माहीत आहे ना?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय! चल, सिनेमा लाव."

तिने जाऊन सिनेमा लावला. मग जे काही बोलली, ते जर्मनमध्ये.