दाराबाहेरची खुर्ची

३ मार्च
एकदाची मिळाली बाई खोली! नऊ वर्षं संस्थेच्या यादीत नाव होतं. गरीब म्हाताऱ्यांना परवडेल असं भाडं, वर कोणाचे उपकार नाहीत. खिडकी, ओटा, आतून लागणारी कडी. आजवर सहा महिने मुलाकडे, सहा महिने मुलीकडे असं माझं पार्सल फिरायचं. निघताना सूनबाईनं माझ्या पिशव्या स्वतः खाली उतरवल्या. इतकी वर्षं धरलेली तिची कंबर आज बरी सुटली! शिवणयंत्र खिडकीशी लावलं. आता इथून निघेन ती चौघांच्या खांद्यावरच.

७ मार्च
दाराबाहेर खुर्ची टाकून एक म्हातारी बसली होती. यादीत आता पहिला नंबर तिचा, म्हणाली. जिना चढताना दम लागतो का, असं मला अगदी मायेनं विचारलं. मॅनेजरबाईंकडे तक्रार केली, तर म्हणाल्या, बसू द्या हो, तुमचं काय खाते ती? इथली खोली कशी रिकामी होते, ते मला कोणी सांगायला नको. नऊ वर्षं दर सोमवारी मीच कार्यालयात विचारायचे, कोणी गेलं का? लाज वाटायची, तरी विचारायचे.

१५ मार्च
रोज येते. तिचे गाल भरलेत. माझे कपडे ढगळ झालेत. मीच शिवलेले आहेत, मापात चूक व्हायची नाही.

२० मार्च
मुलाला फोन केला. आई, तुझं जिथे-तिथे काहीतरी असतंच, म्हणाला. मागून सूनबाईनं विचारलं, कोण आहे? चुकून लागलाय, म्हणाला. माझ्या कानात म्हणाला ते, फोन ठेवायच्या आधी.

२४ मार्च
दारावरच्या पाटीवर त्या खुर्चीवाल्या म्हातारीचं नाव. मॅनेजरबाईंनी मलाच विचारलं, कोणाला भेटायचंय? मी म्हटलं, मी इथे राहते. हसल्या. सगळे असंच म्हणतात म्हणे.

२५ मार्च
पाणी आणायला गेले — दोन मिनिटं, मेली दोन मिनिटं — आणि कडी आतून. दार बडवलं, शिव्या घातल्या. आत माझं शिवणयंत्र चालत होतं. वही पिशवीत होती म्हणून —

२६ मार्च
खुर्चीवर बसलेय. मॅनेजरबाई म्हणाल्या, आजी, पहिला नंबर तुमचाच, धीर धरा.

२९ मार्च
आत ती खोकली. कोरडा, छातीतला खोकला. मी खुर्ची दाराजवळ सरकवली. पुन्हा खोकली. शरम वाटायला हवी होती मला. भूक लागलीय, कित्येक दिवसांनी. बरं वाटतंय. देवा, मला इतकं बरं —