वस्तीतला एकच आवाज

सोमवार, १० नोव्हेंबर

पोचले एकदाची! नगरहून परभणी, परभणीहून जिंतूर, आणि पुढं एसटीनं खडखडत फाट्यापर्यंत. उतरते तर इथल्या ख्रिस्ती मंडळीचे पंच शांतवनराव स्वतः जीप घेऊन हजर. साठी उलटलेले, उंचेपुरे, आणि आवाज असा भरदार की रस्त्याकडेला कापूस वेचणाऱ्या बायांनी माना वर केल्या.

"बाई, लय दिवसांपासून वाट पाहायलो तुमची. आमच्या वस्तीत गाणंच न्हाई राहिलं बघा," म्हणाले.

मी इथं बालवाडी चालवायची आणि रविवारच्या उपासनेत पेटी वाजवून गाणी शिकवायची. वीस-बावीस ख्रिस्ती घरं, मधोमध पत्र्याचं छोटं देऊळ, म्हणजे आमचं चर्च, त्याला लागून माझी खोली. खिडकीतून तूर दिसते, पिवळ्या फुलांनी भरलेली. चहा करून दारात बसले.

आई गेल्यापासून नगरचं घर खायला उठायचं. दिवसाकाठी कुणी एक हाक मारावी, एवढंच हवं होतं. इथं ते मिळेल असं वाटतंय.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मुलं वेळेवर येतात, नीट बसतात. फार नीट. रडत नाहीत, भांडत नाहीत. शेजारच्या बाया भाकरी नि ठेचा आणून ठेवतात, हसतात, जातात. नळावर गर्दी असते, पण कळशा आपटल्याचाच आवाज येतो.

मुलांत तोंडानं बोलते ती एकटी सालोमी, शांतवनरावांची नात. ही पोरगी मात्र दिवसभर चिवचिवते. आई-बाप उसाच्या कामाला गंगाखेडकडं, म्हणून आजोबांपाशी राहते. बाकीची का बोलत नाहीत, असं तिला विचारलं. "त्यहिचा आवाज गेला, बाई. मी अन् आबाच बोलतो आता," म्हणाली, आणि माझ्या ओढणीला गाठी मारत बसली.

मला वाटलं, पोरीचा काही खेळ असेल.

रविवार, १६ नोव्हेंबर

खेळ नाही.

मी पेटीवर सूर धरला. सगळे उभे राहिले, सगळ्यांचे ओठ हलले. देवळात ऐकू आले दोनच आवाज. शांतवनरावांचा, आणि त्याला लोंबकळल्यासारखा सालोमीचा बारीक.

नंतर शांतवनरावांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी एकेकाचा आवाज बसत गेला. डॉक्टर झाले, पाणी तपासून झालं. कुणाला काही सापडलं नाही. देव परीक्षा पाहतोय, असं ते म्हणाले.

देवळाच्या पायरीवर एक म्हातारी डोक्यावर पदर घेऊन बसली होती. बायनाबाई, पलीकडच्या गल्लीतली, आपल्या धर्माची नव्हे. तिचाही आवाज गेलाय. तिचा मुलगा बजरंग शांतवनरावांच्या जीपवर ड्रायव्हर होता. त्यानं एका बाईला उडवलं आणि ती जिवंत असतानाच तिला कालव्यात टाकून दिलं. जन्मठेप भोगतोय, वस्तीतले आवाज जायला लागले त्याच वर्षापासून. पवित्र शास्त्रावर, बायबलवर, हात ठेवून आपल्यालाच साक्ष द्यावी लागली, हे सांगताना शांतवनरावांचे डोळे भरले. दर रविवारी ते बजरंगसाठी मोठ्यानं प्रार्थना करतात. म्हातारी तेवढ्यासाठी येते. लेकाचं नाव मोठ्यानं घेणारं दुसरं कुणी उरलं नाही.

मला ते फार मोठ्या मनाचे वाटले.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

घसा बसलाय. थंडी असेल. हळद-दूध घेतलं, मिठाच्या गुळण्या केल्या. मुलांना गोष्ट सांगताना शब्द मध्येच गळून पडतात. मुलं माझ्याकडं बघत राहतात. त्यांच्या डोळ्यांत नवल नसतं, हेच सहन होत नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

जिंतूरला डॉक्टरकडं गेले. घसा स्वच्छ आहे म्हणाले. येताना कंडक्टरला फाट्याचं नाव सांगता येईना. शेवटी कागदावर लिहून दाखवलं. शेजारच्या बाईनं मुकी समजून मला खिडकीची जागा दिली.

फोन हातात घेऊन बसले. कुणाला लावणार? आणि लावून काय करणार?

बुधवार, २६ नोव्हेंबर

आवाज गेला. पूर्ण.

दुपारी मुलं गेल्यावर शांतवनराव आले, पायरीवर बसले. मग बोलू लागले. जसं बोलले तसंच लिहिते.

"बाई, वस्तीत सगळे मुके. म्या बोलतो, कुणी उत्तर देत न्हाई. माणसाला वेड लागंल. तुमाला सांगू का? तुमी आता कुणाला सांगणार हाव? त्या दिशी जीप म्या चालवित होतो. बजरंग नव्हताच गाडीत. ती बाई जित्ती होती. वरडायला लागली. कुणी ऐकंल म्हणून म्या तिचं तोंड दाबलं. लय वेळ दाबलं. अन् मग कालव्यात..."

पुढं रडत होते. हलकं वाटतंय म्हणाले. हलकं!

मी पाटी ओढली. लिहिलं, उपासनेत उभे राहून हेच सांगा. बायनाबाईसमोर. नाहीतर मी जिंतूरला पोलिसांत जाईन.

त्यांनी माझे पाय धरले. रविवारी सांगतो म्हणाले. माणसाला पश्चात्तापाची वाट मोकळी ठेवावी म्हणून मी थांबले.

मंडळी म्हणजे एकच शरीर, असं नगरच्या देवळातले आमचे पाळक सांगायचे. लहानपणी ते किती गोड वाटायचं. आज भीती वाटली. त्या बाईचं तोंड एकानं दाबलं. तो हात आमच्या सगळ्यांच्या तोंडावर आहे.

रविवार, ३० नोव्हेंबर

शांतवनराव उभे राहिले. बायनाबाईला आत बोलावून पुढं बसवलं. मला वाटलं, आता.

आणि म्हणाले, "प्रभू, बजरंगला त्याच्या पापाची क्षमा कर."

शब्द नेहमीचेच. आवाजही तसाच भरदार.

नंतर गाणं. पहिल्या ओळीला सालोमीचा आवाज होता. दुसऱ्या ओळीत नव्हता. पोरगी तोंड उघडून उभी, गळ्याला हात लावून आजोबांकडं बघत. ते एकटेच गात होते. मग त्यांनी खाली पाहिलं —

माणसाचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

मंगळवार, २ डिसेंबर

सालोमी माझ्यापाशीच असते. कुशीत थरथरते, हुंदक्याचाही आवाज नाही.

उद्या-परवा जिंतूरला पोलिसांत जाणारच. आधीच जायला हवं होतं.

काहीतरी आणखी होतंय. कुकरची शिट्टी लांबून आल्यासारखी वाटली. पेटीचा भाता हलवला — सूर कापसात गुंडाळल्यासारखा. नळावर कळशा आपटत होत्या, दिसत होतं —

गुरुवार, ४ डिसेंबर

जिंतूरची एसटी धरायला फाट्यावर गेले होते. रस्ता ओलांडताना अंगावर वारा आला. एसटी. माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. ड्रायव्हर हातवारे करत होता. हॉर्न वाजवला असणार.

काहीच ऐकू आलं नाही.

एकटीनं पुढं जायची हिंमत झाली नाही. परत आले. वस्तीत सगळे आपापल्या कानांना हात लावून — बाया, मुलं, सालोमी —

बोटंही नीट वळत नाहीत.

रविवार, ७ डिसेंबर

आज शांतवनरावांनी सांगितलं.

मी पेटी वाजवत होते, कुणासाठी कोण जाणे. ते मध्येच पुढं आले, बायनाबाईच्या पायांशी पडले. बोलू लागले. मानेच्या शिरा फुगलेल्या, तोंड उघडं, घाम. हातांनी स्टिअरिंग फिरवलं. स्वतःचं तोंड दाबून दाखवलं. छाती बडवली. आवाज तोच असेल. साऱ्या शिवारात गेला असेल.

आम्हाला कुणाला —

कुणालाच.

बायनाबाईला वाटलं, नातीसाठी रडतायत. तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. पदरानं त्यांचे डोळे पुसले. ते मान हलवत राहिले, नाही, नाही — ती थोपटत राहिली.

ते काय सांगतायत ते फक्त मला कळत होतं.

फळ्याकडं धावले. खडू धरवेना. पडला. पुन्हा पडला. शांतवनरावांनी उचलून दिला, माझी मूठ धरली — त्यांचा हातही लाकडासारखा —

खोलीत आलेय. पेन मुठीत दाबून लिहिते. दारात सगळे उभे आहेत. बायनाबाई पुढं. वाचणारे आहेत त्यांच्यात. लवकर, एवढंच —

बायनाबाई, तुमचा बजरंग निर्दो