अण्णांचं हेल्मेट

येलहंका,
बुधवार

प्रिय कार्तिक,

भार्गवी उद्या पिशवी न्यायला येईल. पिशवीत पोह्यांचा चिवडा, मेतकुटाची पुडी, लिंबाचं गोड लोणचं, ओले कपडे गुंडाळायला दुधाच्या धुतलेल्या पिशव्या आणि हे पत्र असेल. तू मागितलेलं अण्णांचं हेल्मेट नसेल. लगेच फोन करून ओरडू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच. फोनवर बोलायला गेले की तू 'सरी आई, सरी', बरं बरं, म्हणून ठेवून देतोस, म्हणून तर तुझ्या शाळेच्या वहीतले उरलेले कागद काढून बसले आहे.

मित्रांबरोबरचा तुझा बेत भार्गवीनं वाचून दाखवला. शनिवारी पहाटे निघून हासनवरून बेलूर, तिथे मुक्काम. रविवारी मूडिगेरे, कोट्टिगेहार, चार्माडी घाट उतरून धर्मस्थळ. सोमवारी कुद्रेमुखाच्या रानातून शृंगेरी, मंगळवारी परत. अण्णांची येझदी मोटारसायकल, अण्णांचाच रस्ता. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्यांचे बेत मीच आखत असे. मी मॅट्रिक झालेली बाई, मला नकाशा कळत नाही, पण कुठल्या देवळात किती वाजता पानं वाढतात ते पाठ होतं. सकाळचं निघणं त्यावरून ठरायचं, टाकी कुठे भरायची ते वहीत लिहिलेलं असायचं, आणि चार दिवसांत हॉटेलच्या जेवणाला आम्ही शिवलो नाही. तुझ्या बेतात खोडच काढायची तर एवढीच, की रविवारी तू घाटात फार लवकर पोहोचतोस. चार्माडीत नऊ-साडेनऊपर्यंत धुकं हलत नाही. दिवा लाव, आणि आपल्या बाजूनं चालव. 'आपल्या बाजूनं' हे पुन्हा एकदा वाच.

आता जे लिहायचं ते लिहिते. भार्गवीनं मला तो व्हिडिओ दाखवला, हेब्बाळच्या पुलाखालचा. तिला बोल लावू नकोस, मीच तिला विचारलं की गेला महिनाभर तिचा चेहरा असा उतरलेला का. त्यात तुझी नुसती पाठ दिसते. तो ऑटोवाला पन्नाशीचा, खाकी शर्टातला, काहीतरी समजावत होता. मग तुझा हात वर गेला. कोपर कानाशी, हेल्मेटचा पट्टा मनगटाला दोन वेढे गुंडाळलेला. मी तो हात ओळखला. पहिला फटका खांद्यावर, दुसरा तोंडावर. तो ऑटोच्या दांडीला धरून खाली बसायला लागला तर तिसरा, बसत्या माणसाला. मागून लोक 'बिडी सार, सोडा हो' म्हणून ओरडत होते. घरी येऊन तू भार्गवीला, आपल्या बायकोला, सांगितलंस, अण्णांनी घाटात सळई घेऊन धावून आलेल्या ड्रायव्हरला एकट्यानं लोळवलं होतं, मी त्यांचाच मुलगा आहे.

कार्तिक, त्या ड्रायव्हरच्या हातात सळई नव्हती.

सोळा वर्षं झाली. तू तेरा वर्षांचा, मावशीकडे ठेवलेला. निघायच्या आदल्या दिवशी आयुधपूजा झाली होती. येझदी धुऊन तिला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली, हेल्मेटलाही कुंकवाची पाच बोटं ओढली आणि फाटकाशी कुंकू भरलेला कोहळा फोडला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला निघालो. तिसऱ्या दिवशी सकाळी घाटात धुकं असं की मला यांच्या खांद्यापलीकडचं दिसेना. पुढे एक बस रखडत होती. मी म्हटलं, जाऊ दे तिला. यांनी वळणावर उजवीकडून गाडी काढली आणि समोर दुधाची व्हॅन. त्या माणसानं आम्हाला वाचवायला व्हॅन दरडीवर घातली. आम्हाला ओरखडासुद्धा नाही. दुधाचे कॅन मात्र गडगडत रस्त्यावर.

तो उतरला आणि त्यानं पहिल्यांदा मला विचारलं, 'अक्का, पेट्टाय्ता?' लागलं का, म्हणून. चूक आमची, दूध त्याचं सांडलेलं, आणि विचारतो मला. हे म्हणाले, 'माझ्या बायकोशी काय बोलतोस रे, माझ्याशी बोल.' त्यानं हात जोडले. जोडलेल्या हातांवरच हेल्मेटचा पहिला फटका बसला. मग तोंडावर. मग तो पडल्यावर डोळ्यावर. पूजेच्या दिवशी फाटकाशी कोहळा फुटला तसाच आवाज आला, ओला आणि पोकळ. मी मधे पडले, 'अहो पुरे, मरेल तो.' माझ्या भुवईवरची खूण देवघराचं दार लागून झाली असं तुला सांगत आले ना, ती त्या वेळची. मला बाजूला करून यांनी त्याला आणखी दोन मारले. सांडलेल्या दुधातून लाल धार उताराला निघाली होती, आणि ती माझ्या चपलेपर्यंत येईपर्यंत मी नुसती बघत राहिले. बसमधल्या माणसांनी शेवटी यांना धरलं आणि त्याला उचलून खाली नेलं. घाटाखालच्या चौकीत आम्हालाही यायला सांगितलं.

उतरताना हे एका दगडावर बसले आणि रडायला लागले. नोकरी जाईल, कार्तिकचं काय होईल, वसू, काहीतरी कर. मी हेल्मेट हातात घेतलं. त्याला रक्त होतं, केस चिकटलेले होते. केस मी पदरानं काढले. मग पिशवीतली देवीच्या कुंकवाची डबी काढली आणि सगळी डबी त्यावर ओतून हातानं सारवली. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. घरात बारा महिने डाग काढणाऱ्या बाईला डाग झाकणंही येतं.

चौकीत साहेबानं हेल्मेटवरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे काय हो अम्मा? मी म्हटलं, कुंकू, परवा आयुधपूजा झाली. त्यानं ते बोट आपल्या कपाळाला लावलं. समोर बाकावर तो बसला होता, डोळ्यावर फडकं, फडक्यातून पाणी आणि रक्त. शिवाप्पा त्याचं नाव. त्यानं उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'अक्का, नीवे हेळ्री.' तुम्हीच सांगा. त्याला वाटलं, कपाळावर एवढं मोठं कुंकू लावणारी बाई खोटं बोलणार नाही. माझी भुवई फुटलेली सगळ्यांना दिसत होती. मी तुळजाभवानीची शपथ घेतली आणि म्हटलं, हा सळई घेऊन आमच्यावर धावून आला, हे बघा मला लागलं. त्याच्या हातात सळई मी दिली, कार्तिक. तुझ्या अण्णांनी नाही. ते पुढे लग्नकार्यात ती गोष्ट रंगवून सांगायचे, पण तिचं बी माझं. साहेबानं उलट त्यालाच दम दिला आणि आम्हाला सोडलं. धर्मस्थळाच्या ज्या मंजुनाथाच्या दारात खोटी शपथ घ्यायला माणसं भितात, त्याच्याच पंगतीला त्या दुपारी आम्ही वेळेवर पोहोचलो. भात तोंडात फिरत राहिला. हे दोनदा आमटी मागून जेवले.

त्यानंतर दर आयुधपूजेला त्या हेल्मेटला मी कुंकू लावलं. तू पाटाशी बसून बघायचास आणि म्हणायचास, आई, गोष्ट सांग ना घाटातली. मी सांगायची. हात चांगला वर नेऊन सांगायची. हेब्बाळच्या पुलाखाली जो हात वर गेला, तो अण्णांकडून आला असेल, पण त्याला हळदकुंकू मी वाहिलं.

हे गेल्यावर मी हेल्मेट खिळ्यावरून काढलं. आतला स्पंज उचलून बघितला तर खाली अजून काळं आहे. कुंकू धुतलं जातं, ते नाही जात. या वर्षी पूजेत ते ठेवलं नाही. शिवाप्पाच्या गावाचं नाव चौकीत मोठ्यानं वाचलं होतं, ते मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नव्हतं. संक्रांतीनंतर माझ्या शाळेतल्या कन्नडात एक पत्र टाकलं, सगळं खरं लिहून. महिन्यानं त्याच्या मुलीचं उत्तर आलं. डावा डोळा गेला. गाडी चालवणं सुटलं. कोणाच्या तरी मळ्यात मिऱ्यांची राखण करतो. खाली एक ओळ होती, 'अप्पा विचारतात, कुंकवाच्या अक्का चालत्याफिरत्या आहेत ना? असतील तर या म्हणावं.' ते पत्र नऊ महिने देवामागे ठेवून मी रोज दिवा लावते आहे. जायचं धैर्य नव्हतं. तो व्हिडिओ बघितला आणि कळलं की मी थांबले तेवढ्यात तू अण्णांच्या जागी पोहोचलास.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून तुझ्या बेतात माझा एक बदल. रविवारी चार्माडीच्या तोंडाशी चहाला थांबायचं नाही, कोट्टिगेहारच्या अलीकडे डावीकडे शिवाप्पाच्या घरी वळायचं. तिथे बोलेन मी, तू नुसता ऐक. हेल्मेट त्याच्या हातात देऊन ते कशानं लाल झालं होतं ते त्याच्या मुलीसमोर सांगायचं आहे. तो त्याचं काय करेल ते त्याच्यावर. चौकीत चालायला तयार असेल तर तिथेही सांगेन. मग घाट उतरून मंजुनाथापुढे. आणि परत आल्यावर त्या ऑटोवाल्याकडे तू जायचंस, भार्गवीला पुढे न करता. तुझ्या मित्रांना काय सांगायचं ते तू बघ. माझं वय एकसष्ट, गुडघे बरे नाहीत, पण मागे बसायची सवय मोडलेली नाही. शनिवारी पहाटे पाचला फाटकाशी उभी राहीन, हेल्मेट कापडात गुंडाळून मांडीवर घेईन. येझदीचा आवाज मला दोन गल्ल्यांवरून ओळखू येतो. साडेपाचपर्यंत नाही आला, तर मॅजेस्टिकहून सव्वासातची बस आहे. मी जाणार आहे, कार्तिक. तू माझ्यापुढे बसून येतोस की नाही, एवढंच ठरायचं आहे.

तुला ती गोष्ट शिकवणारी, तुझीच,
आई