डाव्या पाकळीखालचं गंध

आबा, तुम्हाला एक विचारायचं राहिलं आहे, आणि आता विचारायला फार उशीर झाला आहे.

मोठ्या लढाईत मी खेचरांच्या पलटणीचा कारकून होऊन ग्रीस देशात गेलो. तुम्ही तेव्हा हयात नव्हतात. तिथं डोंगरउतारावर एका फार जुन्या देवस्थानाचे पडके खांब होते. मास्तर शाळेत सांगत, तिथला देव माणसांना बोलून उत्तर देई. म्हणजे आपल्याकडचा कौलच की. सुट्टी मिळाली तसा पाठ केलेल्या आर्या गुणगुणत मी चढलो. सोबत आमच्या पलटणीतले खेचरवाले चाचा, खालापूरकडचे. गाभाऱ्याची फरशी उखडलेली, तिच्याखाली माणूस मावेल एवढं भुयार. चाचा आत सरपटले आणि खालून घुमणारा आवाज आला, "इचार लेका, काय इचारायचं ते. बायको मजेत हाय रं, तू घरी नाय म्हणून." मी पोट धरून हसलो. धुळीनं पांढरे झालेले चाचा वर आले नि म्हणाले, "देव कुठला रं, पुजारी बसायचा हितं."

माझं हसू तिथंच थिजलं. मला आपलं भैरोबाचं देऊळ दिसतं. मी आठ वर्षांचा. काका, तुमचे भाऊ, दारात उभे. "गुरवाच्या पोरानं ढोल वाजवायचा. साळा कशाला त्याला?" तुम्ही शांतपणे म्हणता, "देवालाच इचारू." मूर्तीवर दोन बाजूंना दोन पाकळ्या; उजवी आधी पडली तर शाळा, डावी पडली तर देऊळ. उजवी तुम्ही नुसत्या पाण्यानं चिकटवता. डावीखाली सहाणेवरचं दाट गंध. मी पाहिलं होतं, आबा. मला ती रीतच वाटली होती. उजवी पडली, आणि काका देवाच्या पाया पडले.

मी त्या परक्या दगडावर बसलो. "ऊन लागलं काय रं?" चाचांनी विचारलं. देवानं दिली म्हणून जन्मभर मिरवलेली अक्षरं, त्या कविता, सगळं तुमच्या एका बोटानं दिलेलं. त्यानंतर तुम्ही कधीच कौल लावला नाहीत. तो मान काकांना दिलात, मानाचा नारळही त्यांच्याकडे गेला. मला वाटायचं, हात थरथरतो म्हणून. ज्या देवाला कधी पाठ दाखवली नाहीत, त्यालाच फसवलंत? भीती नाही वाटली?

हे पत्र देवळात बसून तुम्हाला वाचून दाखवणार होतो. काल देवळाच्या पायरीपर्यंत जाऊन परत आलो. आत भैरोबा ऐकत असतो. ते भुयार पाहून आलो तरी मला वाटतं, त्याला अजून कळलेलं नाही. माझ्या तोंडून कळायला नको.