विटकरी

३ फेब्रुवारी

लंब्याने आज माझं डोकं खाल्लं! लंब्या म्हणजे मावशीचा मुलगा, माझ्याच वर्गात, बारावीला. उंचीला ताडमाड आणि अक्कल गुडघ्यात — हे मी त्याला तोंडावर म्हणते, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या सरावासाठी प्रयोगशाळा उघडी ठेवली होती. साखरेची परीक्षा. नळीत निळं द्रावण घालायचं, गरम करायचं, रंग कोणता येतो ते लिहायचं. साखर थोडी असेल तर हिरवा, मग पिवळा, नारिंगी, आणि भरपूर असेल तर विटकरी. आमच्या नळीत चांगला विटांसारखा रंग आला. याने लिहिलं — हिरवा.

म्हटलं, डोळे फुटले का रे? तर पुढच्या नळीला माझ्या कागदात डोकावून लिहिलं. कामचुकार मेला.

४ फेब्रुवारी

आमचा करार असा: मी त्याला आनुवंशिकता शिकवायची, त्याने मला आकृत्या. माझं हृदय बटाट्यासारखं येतं. तो पेन्सिल न उचलता अख्खी मूत्रपिंडाची नलिका काढतो. "हात सैल सोड, तू काय खिळा ठोकतेयस का?" — असं म्हणून हाताला धरून गिरवून घेतलं. आजचं हृदय निदान रताळ्यासारखं आलं.

६ फेब्रुवारी

पुस्तकात रंगीत ठिपक्यांचं एक वर्तुळ आहे, आत आकडा लपवलेला. मला तो चटकन दिसला. लंब्या कितीतरी वेळ पान जवळ-लांब धरत राहिला आणि म्हणाला, "यात आकडा आहे?"

मला वाटलं फिरकी घेतोय. तोंडाकडे पाहिलं तर नाही.

"लहानपणापासून असंच," म्हणाला. "मला वाटायचं, रंगांची नावंच मला पाठ होत नाहीत."

इतकी वर्षं एका घरातल्यासारखं वाढलो आम्ही. मी त्याला रंगावरून हसले किती वेळा! आणि परवाचं ते 'डोळे फुटले का' — लाज वाटते.

मग धडा वाचला. रंगांधळेपणा हा दोष मुलाला आईकडून येतो, तिला स्वतःला सगळं नीट दिसत असतं. ती ओळ त्याने पुन्हा वाचली. "आईला कळता कामा नये," म्हणाला. "ती स्वतःला लावून घेईल." खरं आहे. काकांना, म्हणजे त्याच्या बाबांना, अर्धांगाचा झटका आला तेव्हाही मावशी म्हणत होती की माझंच लक्ष कमी पडलं. काकांना दारापर्यंत चालतं केलं ते फिजिओथेरपीवाल्या ताईंनी. तेव्हापासून लंब्याला तेच व्हायचंय, दुसरं काही सुचत नाही. पण त्या कोर्सला जीवशास्त्र पाहिजे, आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगळं पास व्हावं लागतं.

७ फेब्रुवारी

भाजी चिरता चिरता आईला सहज विचारलं, मामाला रंग कळायचे का गं? आई हसायलाच लागली. "तो बाजारातून हटकून कच्चे टोमॅटो आणायचा. आजी करवादायची नुसती."

म्हणजे मामासुद्धा. म्हणजे आजीकडून मावशीला आलं. आईलाही असेल. मलाही असेल, आणि मला कधी कळणारही नाही. मला सगळं छान दिसतं ना!

१० फेब्रुवारी

एक युक्ती सापडली. विटकरी येतो तेव्हा तळाशी गाळ जास्त बसतो, हिरव्याला कमी. नळी खिडकीशी धरायची, थांबायचं आणि रंगाकडे बघायचंच नाही, गाळाकडे बघायचं. बरीच उत्तरं बरोबर आली. मी खुशीत.

मग प्रथिनांची परीक्षा. निळ्याचा जांभळा होतो, आणि गाळबीळ काही नाही. "दोन्ही निळेच आहेत ना?" म्हणाला. मी म्हटलं, नाही रे, जांभळा म्हणजे... म्हणजे...

मला सगळे शहाणी म्हणतात. कुठलाही धडा द्या, समजावून देते. जांभळा कसा समजावू?

११ फेब्रुवारी

अजून सुचलेलं नाही.

१३ फेब्रुवारी

"पेशीबाईंना सांगून टाकतो," म्हणाला. पेशीबाई म्हणजे आमच्या जीवशास्त्राच्या बाई, पेशीवर सुरू झाल्या की तास संपला तरी थांबत नाहीत. मी त्याच्यावर उखडलेच. वेडा आहेस का? परीक्षेलाच बसू देणार नाहीत, वर मावशीला बोलावून घेतील, मग काय करशील? त्याने मान डोलावली. माझ्यापुढे तो कायम मान डोलावतो.

म्हटलं, मी शेजारच्याच टेबलावर असेन, खूण करीन. तेव्हा मात्र स्पष्ट म्हणाला, "खुणाबिणा काही करायच्या नाहीत. येईल ते लिहीन."

१९ फेब्रुवारी

आज बोर्डाची प्रॅक्टिकल परीक्षा झाली. क्रमाने लिहिते.

त्याला साखरेचीच परीक्षा आली. मला वाटलं, सुटला! पण तो नळी घेऊन नुसता उभा. मी माझं केलं, परत पाहिलं, हा तसाच. पुन्हा पाहिलं, तसाच. त्याची नळी इथून मला दिसत होती, लख्ख विटकरी. आणि मी कंपासमधून लाल पेन काढून त्याच्या दिशेने उंच धरलं.

लाल पेन! ते लाल आहे की हिरवं, हे त्याला कुठे कळतं? पण तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाहिलं. "काय चाललंय?" मी पेन मुठीत लपवलं. लंब्या म्हणाला, "सर, मीच तिला सांगितलं होतं. मला रंग दिसत नाहीत."

त्याचा कागद काढून घेतला. मला म्हणाले, तू पूर्ण कर. आणि मी केला. आकृतीसुद्धा काढली. चांगली आली.

२० फेब्रुवारी

पेशीबाई भेटल्या. "अगं, आधी सांगायचं ना! अर्ज केला की रंग सांगायला माणूस देतात. दर दोन-तीन वर्षांनी एखादा मुलगा असतोच."

म्हणजे तो जाणार होता तिथेच मदत होती. मीच जाऊ दिलं नाही.

संध्याकाळी त्याच्याकडे गेले. म्हटलं, का खोटं बोललास? म्हणाला, "दोघांनी बुडून काय फायदा?" म्हटलं, तू इतका वेळ अडून का उभा होतास? "अडलो कुठे? गाळ बसायची वाट बघत होतो. विटकरी लिहून झालं होतं माझं, तू पेन धरायच्या आधी."

मी तिथेच जिन्यात बसले. तो पाणी घेऊन आला.

२२ फेब्रुवारी

त्याला प्रॅक्टिकलला शून्य. माझे गुण कायम. गुणांचा कागद परवा बोर्डाकडे जाणार. घरी त्याने सांगितलंय की अभ्यास कमी पडला.

२३ फेब्रुवारी

मावशी आली होती. डोळे सुजलेले. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तू होतीस म्हणून तो परीक्षेला बसला तरी, पोरी. तू किती केलंस त्याच्यासाठी." आई चहा टाकायला उठली. मी काय बोलणार? खरं सांगावं तर डोळ्यांचं सांगावं लागणार, आणि ते त्याने सांगू दिलेलं नाही. मान खाली घालून बसले. मावशीला वाटलं, मला त्याचं वाईट वाटतंय.

जेवण गेलं नाही.

२४ फेब्रुवारी

शाळा उघडायच्या आधीच पेशीबाईंना फाटकात गाठलं. सगळं सांगितलं: तो तुम्हाला सांगायला निघाला होता, मी अडवलं. खूण नको म्हणाला होता, मी केली. आणि लाल पेन त्याला कळतच नाही. बाईंनी किल्ल्या पर्समध्ये टाकल्या. मग म्हणाल्या, "त्याचं काही होईलच असं नाही. तुझे गुण मात्र नक्की थांबतील."

म्हटलं, थांबवा.